दमनकावर खटला कुणी चालवला?

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला आज ‘पंचतंत्र आणि जीवनकौशल्यं’ असा विषय दिला आहे. सुरुवातीलाच सांगतो, मी संस्कृतचा पंडित नाही आणि अरबीही मला येत नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोडमध्ये काय बिघडलं, कुठे बिघडलं, हे शोधणं हे माझं रोजचं काम. हे पुस्तकही मी भाषांतरांतून आणि त्याच नजरेने वाचलं.

वाचायला लागलो तो माझ्या भाच्यामुळे. तो सातवीत आहे. शाळेत कथाकथनाची स्पर्धा होती आणि बाईंनी त्याला पंचतंत्रातली सिंह आणि बैलाची गोष्ट दिली होती. तो घरात मोठमोठ्याने पाठ करत होता. घरी आलेले एक नातेवाईक म्हणाले, “आपल्या गोष्टी कमी आहेत का? हे तर त्यांचं आहे.” भाचा गप्प झाला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “मामू, ही गोष्ट आपली नाही का?”

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. आज देतो. पण आधी गोष्ट.

पंचतंत्राची मांडणी तुम्हाला माहीत असेल. महिलारोप्य नावाच्या नगरात अमरशक्ती नावाचा राजा. त्याची तीन मुलं अभ्यासात शून्य. विष्णुशर्मा नावाचा म्हातारा पंडित म्हणतो, सहा महिन्यांत यांना शहाणं करतो. आजच्या भाषेत सहा महिन्यांचा क्रॅश कोर्स. आणि पोरांना तो व्याकरण घोकायला लावत नाही, गोष्टी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी केली. निर्णय घेणं, चिकित्सक विचार, संवाद, नाती जपणं, दुसऱ्याचं मन ओळखणं, स्वतःच्या भावना सांभाळणं वगैरे. विष्णुशर्म्याच्या वर्गात यातलं जवळपास सगळं होतं. फक्त शिकवायला कोल्हे, कावळे आणि उंदीर होते.

पहिल्या तंत्राची मुख्य गोष्ट अशी. एका व्यापाऱ्याचा संजीवक नावाचा बैल यमुनेच्या काठी जायबंदी होतो. व्यापारी त्याला सोडून पुढे जातो. बैल मरत नाही. कोवळं गवत खाऊन धष्टपुष्ट होतो आणि डरकायला लागतो. त्या जंगलाचा राजा पिंगलक सिंह. त्याने असा आवाज कधी ऐकलेला नसतो. तो घाबरतो, पाणी प्यायला जायचंही टाळतो. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे. त्यांचा बाप कधीकाळी मंत्री होता, पण आता यांना दरबारात कुणी विचारत नाही. दमनक जाऊन शोध घेतो, बैलाला घेऊन येतो, आणि सिंह व बैल यांची घट्ट मैत्री होते. इतकी, की सिंहाचं शिकारीकडे लक्ष राहत नाही आणि त्याच्या उष्ट्यावर जगणारे उपाशी पडतात. मग दमनक ठरवतो, मी जोडलं, आता मीच तोडतो.

कसं तोडतो, ते नीट बघा. तो सिंहाकडे जातो आणि म्हणतो, बैल तुमच्या जिवावर उठलाय. सिंहाचा विश्वास बसत नाही. तेव्हा दमनक पुरावा देत नाही, खूण देतो. उद्या बघा, तो बिचकत येईल, इकडेतिकडे बघेल, शिंगं हलवेल. मग तो बैलाकडे जातो. म्हणतो, सिंह तुला खाणार आहे. बैलालाही पटत नाही. त्यालाही खूण देतो. बघ, तो अंग ताठ करून, कान टवकारून, तुझ्यावर नजर रोखून बसलेला असेल.

दुसऱ्या दिवशी बैल येतो. घाबरलेला असतो, म्हणून बिचकत येतो. सिंहाला खूण पटते. सिंह सावध होऊन ताठ बसतो. बैलाला खूण पटते. दोघांनीही डोळ्यांनी जे पाहिलं ते खरं होतं. त्याचा अर्थ मात्र आदल्या दिवशी तिसऱ्याने लावून ठेवला होता. झुंज होते, बैल मरतो. सिंह रडतो, पस्तावतो. दमनक त्याची समजूत काढतो, राजाने असं हळवं होऊन चालत नाही म्हणतो, आणि मंत्री होतो.

संस्कृत पंचतंत्रात पहिलं तंत्र इथे संपतं. दमनक जिंकतो.

आता मी माझी एक गोष्ट सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

इंजिनिअरिंगला माझा एक मित्र होता. चार वर्षं होस्टेलच्या एकाच खोलीत राहिलो. एकाच्या डब्यातली भाकरी दुसऱ्याने खाल्ली, एकाची फी दुसऱ्याने भरली. पुढे दोघांनाही पुण्यात नोकऱ्या लागल्या. ईदला तो आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला, दिवाळीला मी त्यांच्याकडे फराळाला, हे ठरलेलं. एकदा आमच्या ओळखीच्या एकाने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. या मित्राने कुठल्यातरी ग्रुपवर आपल्या समाजाबद्दलचा एक घाणेरडा मेसेज टाकला होता. नाव त्याचं, फोटो त्याचा. खाली त्या ओळखीच्याने लिहिलं होतं, “बघ, तुझा जिगरी.”

मी मित्राला फोन केला नाही. मनात म्हटलं, बघू, आता ईदला तो स्वतःहून येतो का. त्या वर्षी मी त्याला बोलावलंच नाही. आणि तो आला नाही, तेव्हा म्हटलं, बघा, खरंच होतं.

चौदा महिने आम्ही बोललो नाही. मग त्याचे वडील आजारी असल्याचं कळलं. त्यांनी मला मुलासारखं जेवू घातलं होतं. मी दवाखान्यात गेलो. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. बराच वेळ गेल्यावर तोच म्हणाला, “तू ईदला बोलावलं नाहीस.” मी मोबाइल काढून त्याला तो स्क्रीनशॉट दाखवला. त्याने पाहिला, स्वतःचा मोबाइल काढला, बरंच मागे जाऊन तोच मेसेज उघडला आणि माझ्या हातात दिला. त्याच्या खाली लगेच त्याचीच दुसरी ओळ होती. हा मेसेज कुठून आला, कुणी पसरवतंय, हे खोटं आहे, थांबवा. ती ओळ माझ्यापर्यंत आलेल्या चित्रात कापली गेली होती. आणि त्यालाही कुणीतरी सांगितलं होतं, की तो आता बदललाय, त्याच्याच लोकांत असतो, बघ, यंदा ईदला बोलावणार नाही.

माझ्या कामात बिघाड झाला, की आम्ही कुणावर बोट ठेवण्याआधी लॉग उघडून बघतो. कुठल्या वेळी काय घडलं, ओळीने. लॉग न बघता सहकाऱ्याला दोष दिला, तर बैठकीत हसं होतं. कंपनीच्या सर्व्हरसाठी मी रोज जे करतो, ते चार वर्षांच्या मित्रासाठी केलं नाही. एक फोन केला असता, तर पुरे होतं.

सूरह अल-हुजुरात आपण लहानपणापासून ऐकतो. कुणी बातमी घेऊन आला तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत एखाद्या समूहाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल, असा तिथे स्पष्ट हुकूम आहे. पुढे संशयापासून आणि पाठीमागे निंदा करण्यापासून दूर राहायला सांगितलं आहे. मला हे माहीत होतं. माहीत असणं आणि त्या क्षणी हात थांबणं, यात अंतर आहे. ते अंतर कमी करण्याला मी जीवनकौशल्य म्हणतो, आणि त्याच्या सरावासाठी गोष्टी लागतात.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. ही गोष्ट आपली आहे का?

सहाव्या शतकात इराणमध्ये खुस्रो अनुशिरवान नावाचा बादशहा होता. त्याच्या दरबारातला बर्झुया नावाचा हकीम हिंदुस्थानात आला. फिरदौसीच्या ‘शाहनाम्या’त याची सुंदर हकिकत आहे. बर्झुया मेलेल्याला जिवंत करणारी वनस्पती शोधायला येतो, डोंगर पालथे घालतो, वनस्पती मिळत नाही. शेवटी एक वृद्ध ज्ञानी त्याला सांगतो, ती वनस्पती म्हणजे ज्ञान, आणि मेलेले म्हणजे अज्ञानी लोक. मग तो हे पुस्तक घेऊन जातो आणि पहलवी भाषेत त्याचं भाषांतर करतो. पुढे आठव्या शतकात बसऱ्यात राहणाऱ्या इब्न अल-मुकफ्फा याने पहलवीतून अरबीत आणलं. करटक-दमनक झाले कलीला आणि दिमना, आणि पुस्तकाचं नावही ‘कलीला व दिमना’. इब्न अल-मुकफ्फा मूळचा इराणी, नव्याने इस्लाम स्वीकारलेला, सरकारी लेखनिक. अरबी गद्याच्या पहिल्या मोठ्या लेखकांत त्याचं नाव घेतात.

बर्झुयाचं पहलवी पुस्तक नंतर हरवलं. जगभर ही गोष्ट गेली ती मुख्यतः अरबीतून. स्पॅनिश, हिब्रू, लॅटिन, मग युरोपच्या इतर भाषा. अल्-बिरुनीने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, त्यात पंचतंत्राचं नाव घेऊन म्हटलंय, की हे पुस्तक स्वतः भाषांतरित करावं अशी माझी इच्छा आहे. फारसीत ते ‘अन्वार-ए-सुहैली’ झालं, आणि अकबराच्या सांगण्यावरून अबुल फजलने १५८८ साली सोप्या फारसीत ‘इयार-ए-दानिश’ लिहिलं. इकडे संस्कृतातली एक प्रसिद्ध आवृत्ती ११९९ साली पूर्णभद्र या जैन मुनीने सिद्ध केली. म्हणजे ब्राह्मण पंडिताच्या तोंडून सांगितलेली गोष्ट जैन साधूने जपली, झरथुष्ट्री बादशहाने मागवली, मुसलमान लेखनिकाने जगाला दिली. यात ‘त्यांचं’ आणि ‘आपलं’ अशी रेघ कुठे मारायची ते मला सापडत नाही. तुम्हाला सापडली तर सांगा.

आणि इब्न अल-मुकफ्फा नुसतं भाषांतर करून थांबला नाही. मी मघाशी म्हटलं, संस्कृतात दमनक मंत्री होतो आणि गोष्ट संपते. अरबीत त्यानंतर एक अख्खं प्रकरण येतं. दिमनावरचा खटला. हे प्रकरण इब्न अल-मुकफ्फाने स्वतः घातलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

होतं असं. सिंहाच्या मनात टोचणी असते. एका रात्री बिबट्या कलीलाच्या घरावरून जात असतो, तेव्हा कलीला दिमनाला झापत असल्याचं त्याच्या कानावर पडतं. तो ते सिंहाच्या आईला सांगतो, पण माझं नाव घेऊ नका म्हणतो. आई सिंहाला सांगते, दिमना गुन्हेगार आहे. आता सिंह राजा आहे. मनात आणलं तर एका पंजात काम होईल. पण एकदा तो ऐकीव गोष्टीवर मित्राला मारून बसलाय. तो दिमनाला कैदेत टाकतो आणि काझीपुढे उभा करतो.

दिमना बोलण्यात पटाईत. तो म्हणतो, संशयावर मला शिक्षा कशी द्याल? कोण साक्षीदार आहे? एकजण उठतो आणि म्हणतो, याचा चेहराच गुन्हेगाराचा आहे, बघा हा डोळा, बघा हे नाक. दिमना त्याची टर उडवतो, आणि ते योग्यच आहे. चेहरा बघून गुन्हेगार ठरवायचा असेल, तर कोर्ट कशाला हवं? काझी भर दरबारात सांगतो, ज्याला माहीत आहे त्याने बोलावं, लपवणाराही गुन्ह्यात भागीदार. सगळे गप्प. कारण एकाच्या साक्षीने निकाल होत नाही, आणि एकटं पुढे येऊन संकट कोण ओढवून घेईल? शेवटी आईच्या आग्रहावरून बिबट्या पुढे येतो. तो बोलल्याचं कळताच तुरुंगातला एक कैदी निरोप पाठवतो, कलीला तुरुंगात भेटायला आला होता तेव्हाचं त्यांचं बोलणं मीही ऐकलंय. दोन साक्षी जुळतात आणि मग दिमनाला मृत्युदंड होतो.

हे वाचताना मी थांबलो. संशयावरून पकडले गेलेले, वर्षानुवर्षं तुरुंगात काढून निर्दोष सुटलेले तरुण, त्यांच्या बातम्या आपण वाचतो. नाव किंवा चेहरा बघून मत बनवणं काय असतं, ते इथे बसलेल्या बऱ्याच जणांना भाड्याने घर शोधताना कळलंय. तेव्हा आपण म्हणतो, पुरावा दाखवा. बरोबरच म्हणतो. बाराशे वर्षांपूर्वी बसऱ्यातला एक लेखक लिहून गेलाय, की खऱ्या गुन्हेगारालाही पुराव्याशिवाय शिक्षा नको. दिमना खरोखर दोषी होता, वाचकाला ते माहीत होतं, तरी लेखकाने त्याला बोलू दिलं. या लेखकाला पुढे खलिफा अल-मन्सूरच्या काळात बसऱ्याच्या सुभेदाराने मारून टाकलं.

पण हाच नियम आपल्या घरातही लावायचा आहे. मोहल्ल्यात एखाद्या मुलीबद्दल कुणी काही बोललं, की आपण किती साक्षी मागतो? कुणी आपल्याहून वेगळं मत मांडलं, की तो ‘विकला गेलाय’ म्हणायला किती वेळ लागतो? तिथे आपण खुणा बघतो. कुणाबरोबर चहा पीत होता, कुणाच्या कार्यक्रमाला गेला होता.

माझ्या बाबतीत पुढे काय झालं, तेही सांगतो. स्क्रीनशॉट पाठवणाऱ्यावर माझा इतका राग होता, की हाच माझा दमनक असं मी धरूनच चाललो होतो. हे प्रकरण वाचल्यावर त्याला भेटायला गेलो आणि विचारलं. त्याने मोबाइल दाखवला. त्याला ते चित्र तसंच, कापलेलंच आलं होतं, दुसऱ्या कुणाकडून. त्याने फक्त पुढे पाठवलं. म्हणजे मी दुसऱ्यांदा तीच चूक करणार होतो. विष्णुशर्म्याच्या काळी भांडण लावायला एक कोल्हा लागायचा, त्याला दोन्हीकडे चालत जावं लागायचं. आता आपण सगळे थोडं थोडं चालतो आणि दमनक कोण होता ते कुणालाच कळत नाही.

कलीलाबद्दलही बोललं पाहिजे. त्याला पहिल्यापासून माहीत होतं. त्याने दिमनाला खाजगीत समजावलं, दटावलं, पण सिंहाकडे किंवा बैलाकडे गेला नाही. अरबी पुस्तकात तो दुःखाने आणि भीतीने मरतो. ग्रुपमध्ये चुकीचं काही आलं, की आपल्यातले बहुतेक कलीला असतात. मनात नापसंत, बोटं गप्प. माझ्या मित्राने त्याच्या ग्रुपवर ती दुसरी ओळ लिहिली होती. त्यासाठी त्याला तिथे बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं, हे मला नंतर कळलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पंचतंत्रातलं सगळंच घेण्यासारखं नाही. बायकांबद्दलची काही वचनं वाचवत नाहीत. स्वभाव जन्माने ठरतो, असाही सूर जागोजागी आहे. दमनक सिंहाला हेच पटवतो, की तो गवत खाणारा, तुम्ही मांस खाणारे, तुमचं जमणार कसं? हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. त्यांचं आणि आपलं खाणं वेगळं, राहणं वेगळं, जमणार कसं? दोन्ही बाजूंनी ऐकलाय.

पण त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या तंत्रात या प्रश्नाला उत्तर आहे. चित्रग्रीव कबुतराचा थवा जाळ्यात सापडतो, सगळे मिळून जाळ्यासकट उडतात आणि हिरण्यक उंदराकडे जातात. उंदीर मित्राचे पाश आधी कुरतडायला लागतो, तर चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या सोबत्यांचे. हे सगळं लघुपतनक कावळा बघतो आणि त्याला वाटतं, असा मित्र मलाही हवा. तो बिळाशी जाऊन हाक मारतो. उंदीर आतून म्हणतो, तू खाणारा, मी तुझं खाणं, कसली मैत्री? प्रश्न तोच, दमनकाचा. पण इथे मध्ये तिसरा कुणी नाही. दोघं समोरासमोर बोलतात. उंदीर लगेच भुलत नाही. माझ्या बिळात पाय टाकायचा नाही, अशी अट घालतो. कावळा ती पाळतो. दोघं रोज बोलतात, एकमेकांसाठी खाऊ आणतात. हळूहळू उंदीर बाहेर येतो. पुढे कासव आणि हरीण येतात, आणि संकटात सगळे एकमेकांना सोडवतात. दहाव्या शतकात बसऱ्यात विद्वानांचं एक मंडळ होतं, ‘इख्वान अस्-सफा’, म्हणजे निर्मळ मनाचे बंधू. त्यांचं नाव याच कबुतराच्या प्रकरणावरून आलं, असं काही अभ्यासक मानतात.

तेव्हा तुम्हाला एक काम सुचवतो. आपल्या वस्तीतल्या वाचनालयात, शिकवणीत, पोरांना सिंह-बैलाची गोष्ट सांगा आणि झुंजीच्या आधी थांबा. विचारा, आता बैलाने काय करायला हवं? सिंहाने काय विचारायला हवं? मग गोष्ट पूर्ण करा आणि खटला त्यांनाच चालवू द्या. एकाला दिमनाचा वकील करा, आणि तो चांगला वकील व्हायला हवा. एकाला काझी, दोघांना साक्षीदार. मी आमच्या घरी भाच्यासाठी आणि त्याच्या मित्रांसाठी हे केलं. दोन मुसलमान, एक मराठा, एक बौद्ध, एक मारवाडी अशी पाच पोरं. तासभर भांडली. दिमनाच्या वकिलाने साक्षीदारांना इतकं घोळात घेतलं, की काझीने त्याला सोडूनच दिलं.

भाचा खटपट करून दोन्ही शेवट सांगायला शिकला. स्पर्धेत वेळ कमी होता, म्हणून बाईंनी एकच सांगायला लावला. घरी आल्यावर तो मला म्हणाला, “मामू, खटला झाला ते बरं झालं. पण बैल तर मेलाच ना?”

मेलाच. इब्न अल-मुकफ्फाही त्याला परत आणू शकला नाही. खटला नंतर येतो. त्याच्या आधी एक सकाळ असते, जेव्हा बैल सिंहाकडे चालत येत असतो आणि दोघांपैकी कुणीही तोंड उघडून विचारू शकतो. माझी ती सकाळ चौदा महिने लांबली. मित्र आता येतो, यंदा ईदला आला होता. अजून आम्ही जरा जपून बोलतो. वडील मात्र त्या आजारातून उठले नाहीत. त्यांच्याशी माझं बोलणं राहिलं ते राहिलंच.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात असं कुणी असेल, ज्याला विचारायचं राहिलंय, तर जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन एक फोन करा. पुढचं सत्र दहा मिनिटं उशिरा सुरू झालं तरी चालेल.